शांत पट्टा

त्या सोमवारी तराजूनं मोल्डिंग विभाग लाल करून दाखवला आणि सबनीस साहेबांचा चहा टेबलावरच निवला.

"हे काय आहे, मॅडम?"

वित्त विभागातल्या सुलक्षणा चौगुलेनं भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. शिरोलीच्या एमआयडीसीतला त्यांचा अख्खा कारखाना, दख्खन ओतकाम लिमिटेड, पडद्यावर चौकोनाचौकोनांत मांडला होता. भट्टी हिरवी. यंत्रशाळा हिरवी. पॅकिंग हिरवं. मधोमध मोल्डिंग, जिथं वाळूत साचे दाबून त्यात लोखंड ओततात, ते मात्र गोवर उठल्यासारखं लालबुंद.

"माणसं घाबरत नाहीत," ती म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. का घाबरत नाहीत?"

सबनीस पुण्याचे, विभागाचे प्रमुख. वाईट माणूस नव्हता. वाढदिवसाला केक आणायचा, ड्रायव्हरला अहो म्हणायचा. अशा माणसांकडूनच असली कामं करून घेतात. दुष्टांना पगार जास्त द्यावा लागतो.

आता तराजू म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकी वाटेल.

कंपनी चालवायला पैसा दोन वाटांनी येतो. एक मालकीचा, शेअर विकून आलेला. दुसरा उसना, बँकेकडून किंवा रोखे काढून घेतलेला. उसना स्वस्त पडतो, कारण त्याचं व्याज खर्चात धरतात आणि तेवढा कर वाचतो. पण उसना फार झाला की पहिल्याच मंदीत कंपनी आडवी. मग मालकीचा किती नि उसना किती ठेवला म्हणजे नफा सगळ्यात जास्त? या एका प्रश्नावर जगभरच्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटं भरली. एकानं म्हणावं कर्ज वाढलं की नफा घटतो. दुसऱ्यानं म्हणावं वाढतो. तिसऱ्यानं म्हणावं दोन्हींचा संबंधच नाही. तिघांकडं आकडे होते आणि तिघांचेही आकडे खरे होते.

हा घोळ तराजूनं सोडवला. तराजू हा एक प्रोग्राम. शेअर बाजारात नोंदलेल्या हजारो कंपन्यांचे ताळेबंद आणि त्या कंपन्यांत राबणाऱ्या माणसांचे बँकव्यवहार त्यानं शेजारी शेजारी ठेवून वाचले. विद्वान कंपनीच्या फाटकाशी थांबत होते. तराजू फाटकाबाहेर पडला आणि कामगाराच्या स्वयंपाकघरात शिरला. तिथं त्याला उत्तर सापडलं.

माणसाच्या पगारातला जो हिस्सा हप्त्यांत जातो, त्याला तराजू घरभार म्हणायचा. घरभार पाव पगाराच्या खाली असला की माणूस मान वर करून बोलतो, पगारवाढ मागतो, पटलं नाही तर शेजारच्या कंपनीत जातो. निम्म्याच्या वर गेला की माणूस मोडतो. दारूला लागतो, अंथरूण धरतो, पळून जातो. या दोन्हींच्या मध्ये एक चिंचोळा पट्टा असतो. त्या पट्ट्यातला माणूस वेळेवर येतो, जादा पाळीला नाही म्हणत नाही, आणि बोलत नाही. तराजूच्या भाषेत तो शांत पट्टा. कामगार शांत पट्ट्यात असले की मजुरीचा खर्च दगडासारखा जागचा हलत नाही. मजुरी हलत नाही म्हणून बँका कंपनीला जास्त कर्ज देतात, तेही स्वस्तात. नफा चढतो, शेअर चढतो. सारखंच कर्ज असलेल्या दोन कंपन्यांतली एक का तरते आणि दुसरी का बुडते, याचं कारण ताळेबंदात नव्हतंच. कंपनीच्या भांडवलाचा तिसरा पाय कामगाराच्या मानेवर होता.

आपल्या सावकारांना हे शाळेत न जाता ठाऊक होतं. त्यांना फक्त आलेख काढता येत नव्हता.

मग सुरू झालं साथी कर्ज. एखाद्याचा घरभार खाली घसरला की त्याच्या फोनवर गोड आवाजात विचारणा यायची. पोराला गाडी घ्यायची का, पोरीचं लग्न काढलंय का, छपराचा स्लॅब करायचा का. भार फार चढला की तराजूच जादा पाळी देऊन तो उतरवायचा. अट एकच होती, नोकरी सोडली तर उरलेलं सगळं कर्ज त्याच दिवशी फेडायचं. जबरदस्ती कुणावर नाही. नेमणुकीच्या कागदांतच सगळ्यांची संमती होती. वित्त विभागात बसणाऱ्यांना आपल्या हाताखालच्या प्रत्येकाचा घरभार दिसे. स्वतःचा दिसत नसे. तो वरच्याला दिसे.

"कागदावर मोल्डिंगची माणसं बरोबर पट्ट्यात आहेत," सबनीस म्हणाले. "तरी बिनधास्त रजा घेतात. दोघांनी कर्ज एकरकमी फेडून राजीनामा दिला. कुठून आली रक्कम? तराजू म्हणतो, तिथं अदृश्य भांडवल आहे. तिमाही संपली की रोखेवाले याच पडद्यावरून आपला व्याजदर ठरवणार. तुमचे बंधू मोल्डिंगलाच आहेत ना? जरा विचारा की."

"विचारते," सुलक्षणा म्हणाली.

तिला विचारायची गरज नव्हती. तिला माहीत होतं.

*

रुकडीला दादाच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी भिशी बसायची. मोल्डिंगवरची माणसं आपापला वाटा नोटांत आणायची आणि मांडीवर न मोजता पुढ्यातल्या परातीत टाकायची. ना फोन, ना सही. ज्याचा नंबर लागेल त्यानं परात उचलायची. नंबर काढायला एक स्टीलचा डबा होता आणि त्यात पितळी बिल्ले. कॅमेऱ्यात तोंड दाखवून फाटक उघडायचे दिवस यायच्या आधी कामगारांना गळ्यात घालायला नंबराचे बिल्ले मिळायचे. ते भंगारात निघाले तेव्हा दादानं मोल्डिंगचे तेवढे मागून घेतले होते.

दादा, म्हणजे भूपाल चौगुले, भिशी धरायचा. धरायचं म्हणजे एखाद्याचा वाटा चुकला तर पदरचा भरायचा, आणि बोभाटा करायचा नाही. दोन रिवाज होते. धरणाऱ्यानं आपला बिल्ला फेरीच्या शेवटच्या काही महिन्यांतच डब्यात टाकायचा. आणि ज्याचा नंबर लागला त्याच्यापेक्षा कुणी जास्त अडला असेल, तर परात त्याच्याकडं सरकवायची.

"जैनाच्या घरची भिशी म्हंजे निम्मा उपासच की," इलाही मुजावर ताटातलं वांगं चाचपत म्हणाले. मोल्डिंगवरचे सगळ्यात जुने. सगळे त्यांना चाचा म्हणत. "भूपाल, लेका, एकदा तरी रश्श्याचा वास येऊ दे."

"चाचा, तुमच्या दाताला वांगंच झेपंना. हाडूक काय करणार?" दादा हसला, आणि हसता हसता खोकला. खोकला लांबला. सगळे ताटात बघायला लागले.

फौंड्रीच्या वाळूची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण ती छातीत जाऊन बसते आणि परत निघत नाही. डॉक्टरनं दादाला स्पष्ट सांगितलं होतं, वाळू सोड, नाहीतर वाळू तुला सोडणार नाही. त्यालाही साल उलटलं. दादाच्या मानेवर साथीचं कर्ज होतं, आणि ते एकरकमी फेडायला एकच वाट होती, ही परात.

आज डब्यात त्याचा बिल्ला पडला होता. वहिनींनी हात घातला, बिल्ला काढला आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्यांचाच!"

सगळ्यांनी हाळी दिली. फक्त कोपऱ्यातला संभा पोवार भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या बायकोचं ऑपरेशन अडलं होतं. तेवढंच पुरलं. दादानं परात त्याच्याकडं सरकवली.

"घे, संभा."

"न्हाई भूपालदादा, ह्या बारीला न्हाई. तुमचा नंबर..."

"घे म्हंतो न्हवं? बायकू का बिल्ल्याची वाट बघत बसणार हाय?"

वहिनी उठून आत गेल्या. सुलक्षणा त्यांच्या मागं गेली. पद्मावहिनी मोरीजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"तिसरी बारी," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा दिली परात. कांडपाचं मशीन बघून ठेवलंय मी हातकणंगल्यात. दोघं बसू, मिरच्या कांडू, चटण्या करू, हे वाळूचं खूळ नको म्हणलं. देवमाणूस हाय तुमचा भाऊ. त्या देवाला घरात ठेवून मी काय करू, वन्सं? रात्री श्वास घेताना शिट्टी वाजती त्यांची. मी मोजत बसते, थांबली का बघायला."

परत निघताना सुलक्षणानं दादाला अंगणात गाठलं.

"दादा, भिशी दोन-तीन महिने बंद ठेव. वरून बघायला लागलेत."

"कोण बघायलंय?"

"तराजू."

"बघू दे की. तांदूळ मोजायला येतोय व्हय?" त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली, ती शाळेत जाताना मारायचा तशी. "सुले, भिशी थांबवत नसत्यात. एकदा थांबली की माणसं आपापल्या घरात बसून मोजायला लागत्यात."

*

ती कोल्हापुरातल्या आपल्या फ्लॅटवर आली. लग्न केलं नव्हतं. उभ्या जन्मात कमावलेली एकच गोष्ट, या दोन खोल्या. त्यांचं कर्ज येत्या दिवाळीला फिटत होतं. फिटलं की राजीनामा, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. त्या पडद्यासमोर बसून माणसांच्या मानांची वजनं बघायची तिला शिसारी आली होती. पण शिसारीनं हप्ता फिटत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत.

तिनं हिशेब मांडला. हाच तिचा धंदा. सबनीसला भिशीचं सांगितलं तर तराजू भिशी मोडेल. नाही सांगितलं तर पडदा लाल राहील, व्याज चढेल आणि मोल्डिंगमधली माणसं कमी होतील. आणि दोन्हींत दादा वाळूतच. परात त्याच्याकडं कधी थांबायचीच नाही. आज संभा अडला, उद्या दुसरा अडेल. अडलेल्यांचा तुटवडा पडला असं या देशात कधी झालंय?

तिसरी वाट तिला स्वच्छ दिसली, आणि ती वाट सापडल्याचा तिला अभिमानही वाटला. कर्ज आपण घ्यायचं. दादाचं फेडायचं. भिशी आहे तशी राहील, तिच्यातला एकही रुपया हलणार नाही. तराजूला शोधायचंय अदृश्य भांडवल, म्हणजे पैसा. तो परातीत आहे, नोटांत आहे, त्याला कधीच दिसणार नाही. पडदा लाल राहिला तरी निदान दादा सुटेल, भिशी सुटेल. आपण दिवाळीला सुटणार होतो, ते आणखी काही वर्षांनी सुटू.

तिनं साथीला फोनवर आकडा सांगितला. मंजुरी इतकी चटकन आली की तिला क्षणभर वाटलं, कुणीतरी दारामागं उभंच होतं.

दादाला खरं सांगितलं असतं तर त्यानं पैसे तोंडावर फेकले असते.

"बोनस मिळालाय," ती म्हणाली.

"एवढा? कंपनी इकलीस काय गं?"

"दादा, वहिनी रोज रात्री तुझे श्वास मोजतात. घेणार का नाही?"

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "भिशीचं काय?"

"भिशी कुठं जाते? चाचा धरतील."

*

हातकणंगल्याच्या बाजारपेठेत दादाचं कांडप सुरू झालं. पहिल्या दिवशी सुलक्षणा गेली तेव्हा अख्खी गल्ली शिंकत होती. लाल तिखटाच्या ढगात दादा नाकाला उपरणं बांधून उभा होता आणि बायका डबे घेऊन रांगेत.

"वाळूतनं काढलंस आन् मिरचीत घातलंस," तो ओरडला. "पर हितला खोकला घरी गेल्यावर थांबतोय गं सुले!"

वहिनींनी तिच्या हातात चटणीची बरणी दिली आणि हात सोडलाच नाही. त्या दिवशी बसमध्ये बरणी मांडीवर घेऊन सुलक्षणा एकटीच हसत होती. यंत्राला फसवलं, असं तिला वाटत होतं.

तिमाही संपली. सबनीस पेढे घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"बघितलंत? चला, चला, पडदा बघा!"

मोल्डिंग हिरवं होतं. कोवळ्या गवतासारखं.

"रोखेवाल्यांनी दर उतरवला, शेअर वर. आणि हे सगळं तुमच्यामुळं, मॅडम."

"माझ्यामुळं?"

"म्हणजे काय? तराजूनं तीन महिन्यांपूर्वीच तुमच्या बंधूंवर बोट ठेवलं होतं. पैशाचं मूळ त्याला काही सापडलं नाही, पण एवढं कळलं, की जो जो त्यांच्या आसपास काम करतो तो घाबरत नाही. ते रजेवर गेले की भीती वाढते, आले की उतरते. अदृश्य भांडवल म्हणजे रक्कम नव्हतीच, तो माणूस होता." सबनीसांनी अर्धा पेढा तोंडात टाकला. "मी म्हटलं, काढून टाकू. तराजू म्हणाला, काढाल तर सगळे उठतील. थांबा. त्यांना घरचंच माणूस सोडवून नेईल. तुमचं फ्लॅटचं कर्ज संपत आलेलं, घरभार खाली आलेला, म्हणजे नवं कर्ज घ्यायला जागा होती. त्यानं फक्त तुमच्या नावावर रक्कम मंजूर करून ठेवली आणि वाट बघितली."

सुलक्षणानं हातातला पेढा टेबलावर ठेवला.

"म्हणजे मला विचारायला सांगितलंत, ते..."

"ते मी मनानं सांगितलं हो, तराजूचं हे मला त्यानंतर कळलं. मला तरी कुठं सगळं दाखवतात?" ते एकदम हळू बोलायला लागले. "माझा आकडासुद्धा मुंबईला कुणीतरी बघतच असेल. पोरगी परदेशात शिकतेय. जाऊ दे. पेढा खा."

आयुष्यभर ताळेबंद वाचले तिनं. भांडवल शोधायला निघाली तेव्हा परातीत बघितलं, कारण पैसा मोजायला शिकलेल्या माणसाला पैसाच दिसतो. भिशी नोटांवर चालत नव्हती. चुकलेला वाटा पदरचा भरणारा आणि नंबर लागूनही परात सरकवणारा एक माणूस तिथं बसला होता, म्हणून बाकीच्यांना द्यायची हिंमत होती. तो माणूस तिनं स्वतःच्या हातानं उचलून बाहेर ठेवला. प्रेमानं. व्याजानं पैसे घेऊन. यंत्रानं एका माणसाच्या कर्जात दोन कामं उरकली, विभागाची खुंटी उपटली आणि दिवाळीला उडून जाणारी एक बाई बांधून ठेवली. आणि यात कुणी कुणावर हातसुद्धा उगारला नव्हता.

दादाला परत बोलावता आलं असतं? बोलावलं असतं तर तो आलाही असता. वाळूत, शिट्टी वाजत. तेवढ्यासाठी तिनं फोन उचलला नाही, आणि त्याला न बोलावणं, तेवढंच एक तिच्या हातात उरलं होतं.

*

जेवणाच्या सुट्टीत इलाहीचाचा वर आले. वित्त विभागाच्या गार, पांढऱ्या खोलीत ते आपल्या वाळूनं भरलेल्या कपड्यांनिशी अवघडून उभे राहिले. बगलेत स्टीलचा डबा होता.

"ये गं पोरी, जरा बाजूला."

ती त्यांच्याबरोबर जिन्यापाशी गेली.

"भिशी फुटायलीय," चाचा म्हणाले. "दोन म्हैने झाले, निम्मेच आले. गेल्या बारीला संभानंच वाटा चुकवला. भूपालनं ज्याला परात दिली तोच. मी पदरचा भरायला गेलो, तर माझंच घर वाकतंय. आन् माणसं आता परातीत टाकताना मोजायला लागलीत." त्यांनी डबा पुढं केला. "मी म्हातारा. माझ्या शब्दावर कोण थांबणार? तू भूपालची भन हाईस. तू धर. तुझं नाव निघालं तर सगळे येत्यात, मी इचारून आलोय. तेवढंच बोलायला वर आलो."

डब्यात बिल्ले किणकिणले. पितळ, वर्षानुवर्षांच्या घामानं गुळगुळीत झालेलं. त्यात दादाचाही बिल्ला होता. तो जाताना काढून न्यायला विसरला होता, किंवा विसरला नव्हता.

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं. मनापासून उघडलं. आणि तेवढ्यात, कुणी न बोलावता, तिच्या डोक्यात पहिल्या तारखेचा हप्ता आला. त्याच्यामागनं फ्लॅटचा आला. एकानं वाटा चुकवला तर आपल्याला भरावा लागेल, दोघांनी चुकवला तर काय, कुणी वर कळवलं तर काय, नोकरी गेली तर उरलेलं सगळं त्याच दिवशी. हिशेब एका श्वासात झाला. तिनं मांडला नव्हता. तो आपोआप झाला.

"बघू, चाचा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात बघू."

स्वतःचा आवाज तिच्या कानांवर पडला. किती शांत होता. वित्त विभागात कुणालाच आपला आकडा दिसत नाही. तिला त्या क्षणी दिसला.

चाचांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. डॉक्टर छातीचा एक्स-रे उजेडाला धरून बघतो तसं.

"भूपाल कधी बघू म्हणाला न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी डबा पुन्हा बगलेत मारला आणि एकेक पायरी उतरायला लागले. खालच्या दारापर्यंत बिल्ल्यांचा आवाज येत राहिला. मग दार लागलं. सुलक्षणा आपल्या खुर्चीवर येऊन बसली आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आधीच कामाला लागली.